खाली रेघ असलेला ग

दाणी सर आमच्या शाळेत नऊ वर्षं होते आणि या नऊ वर्षांत त्यांनी एकाही पोराला ‘चुकलं’ असं म्हटलं नाही. मी गणिताची बाई. माझ्या दिवसातून हा शब्द काढून घेतला तर मी पगार कशाचा घेते, असं कोणीही विचारावं. त्यामुळे या माणसाशी पहिली दोन वर्षं माझं पटलंच नाही. शेजारच्या वर्गात पोर भलतीच पट्टी दाबून बसलंय, भिंतीपलीकडे मला कळतंय, आणि सर काय म्हणतात? “कागदाला विचार.” पोर फळ्याकडे बघतं, बोट सरकवतं, पुन्हा भलतंच वाजतं. “पुन्हा विचार.” अहो, सांगून टाका की एकदाचं! इकडे माझी चाळीस मुलं त्रैराशिकाच्या मधोमध अडकून पडलेली असायची.

आमची राळेगावची शाळा म्हणजे पाचवी ते दहावी, पत्र्याचे वर्ग आणि मागे कापसाच्या जिनिंग कारखान्याची उंच भिंत. कुठल्याशा जुन्या मंजुरीतून संगीताची एक जागा होती, ती घेऊन दाणी सर यवतमाळहून आले. एक पेटी, एक वळकटी आणि एक स्टोव्ह, एवढंच सामान. उंच, किंचित वाकलेले, कानामागे लाल पेन्सिल. वडील कचेरीत, आजोबा कचेरीत, काका वकील. घराण्यात यांनीच तेवढी पेटी धरलेली. बायको वर्षापूर्वी गेली होती. मूलबाळ नव्हतं. हे सगळं आम्हाला शिपायाकडून कळलं, कारण सर स्वतःबद्दल काही बोलायचेच नाहीत.

आल्यावर पहिले तीन महिने त्यांनी शाळेतल्या पेटीचं झाकण उघडलं नाही. मुलांना मैदानात नेत. शर्यतीचे पट्टे आखायची पांढरी फक्की घेऊन जमिनीवर चौकटी आखत आणि एकेका चौकटीत एकेक स्वर लिहीत. एक चौकट म्हणजे एक मात्रा. मुलांनी टाळी देत चौकटीतून चालायचं आणि लिहिलेला स्वर तोंडानं म्हणायचा. चौकटीत नुसता डॅश असेल तर मागचाच स्वर धरून तिथं उभं राहायचं. डोक्यावर टिंब असेल तर टाचा उंच करायच्या, कारण स्वर वरच्या सप्तकातला. आणि अक्षराखाली रेघ असेल तर स्वर कोमल, म्हणजे नेहमीच्या जागेपेक्षा जरा खालचा. तिथं गुडघ्यात वाकायचं. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. पोरं लंगडी खेळतायत की उठाबशा काढतायत, काही कळायचं नाही.

मुख्याध्यापकांनी एक दिवस विचारलंच, “दाणी सर, तुम्ही संगीत शिकवून राह्यले का कवायत?”

“वाचायला शिकवून राहिलो,” सर म्हणाले.

“अहो, गाणं ऐकून ऐकून येतेच नं.”

“ऐकून येतं ते ऐकवणारा आहे तोवर. वाचता आलं की माणूस नसला तरी चालतं.”

मला तेव्हा हा शुद्ध शिष्टपणा वाटला होता. आता वाटत नाही.

ते राहायचे आमच्याच शेजारी. मधे काट्यांचं एक कुंपण. आमच्या घरात सहा माणसं, एक रेडिओ आणि सासूबाईंचा खणखणीत आवाज. कुंपणापलीकडे चिडीचूप. सकाळ-संध्याकाळ स्टोव्हची फरफर, बादलीचा आवाज, बस्स. संगीताचा मास्तर, आणि घरात साधं गुणगुणणं नाही! सासूबाईंना तर वेगळीच शंका. “याले वाजवता तरी येते का वं? का नुसताच मास्तर हाये?” मी त्यांना गप्प करायचे, पण मनात म्हणायचे, खरंच की.

कान मात्र विलक्षण. कुंपणावरून पेटीच्या पट्ट्यांच्या हिशेबात सांगायचे, “बाई, तुमचा कुकर आज काळी चारमध्ये बोलून राहिला. काल पांढरी पाच होता. रबर बघा.” आणि खरोखर रबर फाटलेलं निघायचं. शाळेची घंटा अर्धा इंच चिरली तेव्हा सगळ्यात आधी त्यांना कळलं. कुणी रागावलं की म्हणायचे, “एक आवर्तन थांबा.” म्हणजे सोळा मोजा. मी रागावणारी बाई, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक. एकदा वेळापत्रकावरून मुख्याध्यापकांशी भांडायला निघाले होते, तर हे दारात. “बाई, एक आवर्तन.” मी तणतणत सोळा मोजले. बारावर आले तेव्हा निम्मा राग उतरला होता. त्यांना सांगितलं नाही, उगाच चढून बसले असते.

ती वर्षंच वाईट होती. बोंडअळीनं कपाशी, आमची पऱ्हाटी, खाल्ली, मग भाव गेला, मग दुबार पेरणी. सकाळी पेपर आला की स्टाफरूममध्ये आधी आत्महत्येच्या बातमीतलं गावाचं नाव बघायचं आणि त्या गावाहून आपल्याकडे कोण कोण येतं ते आठवायचं. मग त्या पोराच्या बाकाकडे बघायला धीर व्हायचा नाही. लग्नं बिनबँडची होऊ लागली. जिनिंगचं यंत्र पूर्वी दिवाळीपासून होळीपर्यंत भिंतीपलीकडे धडधडायचं आणि आम्ही त्याच्यावर ओरडून शिकवायचो. ते आठवड्यातून दोनदा, मग एकदा, मग बंदच पडलं. त्या शांततेत शाळेची एक पेटी आणि दोन जुने बुलबुलतरंग असे ऐकू यायचे, की मलाच कानकोंडं व्हायचं.

अशाच एका वर्षी पंधरा ऑगस्टला त्यांच्या सातवीच्या मुलांनी प्रार्थना वाजवली. अप्रतिम वाजवली. वरून आलेल्या साहेबांनी मुलांची पाठ थोपटली, मुख्याध्यापकांनी पेढे मागवले. दाणी सर एका कोपऱ्यात पेढा हातात धरून उभे. मी म्हटलं, “आज तरी हसा हो.” म्हणाले, “उद्या कळेल.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी तीच प्रार्थना फळ्यावर पुन्हा लिहिली. फक्त दुसऱ्या ओळीतले चार स्वर मुद्दाम बदलले. कुणाला काही बोलले नाहीत. “वाजवा.” मुलांनी फळ्यावर डोळे खिळवून वाजवलं, आणि कालच्यासारखंच, अगदी सुंदर, जसं पाठ होतं तसं वाजवलं. फळ्यावर काय लिहिलंय त्याचा पत्ताच नव्हता कुणाला. डोळे फळ्यावर आणि बोटं कानाच्या हुकमावर! सर रागावले नाहीत. मधल्या सुट्टीत माझ्याकडे आले आणि खुर्चीवर बसून राहिले. “एकही वाचत नाही, बाई. सगळे आठवून राहिले.”

“बरं मग? छानच तर वाजतं.”

“एक पोरगी मात्र थांबली,” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदाच उजळलेला मी पाहिला. “चार स्वरांच्या आधी बरोबर थांबली. म्हणाली, सर, तुमचं चुकलं जी. तिला दिसलं, बाई! वाजवता आलं नाही, पण दिसलं तिला!”

ही पोरगी शबाना. बस स्टँडपाशी पंक्चरचं दुकान होतं त्या सलीमभाईंची. बारीक, काटक, दोन घट्ट वेण्या, बोलायला फटकळ. गणितात यथातथा, हे मी सांगते कारण मला ते खुपायचं. पेटीवर बसली तरी मैदानातली सवय तिची जाईना. अक्षराखाली रेघ आली की तिची मान आपसूक खाली वाकायची आणि रेघ संपली की वर यायची. बाकीची पोरं हसत. सर म्हणत, “वाकू दे. अंगाला कळतंय तिच्या.”

दिवाळीनंतर वर्ग नेहमीसारखे रिकामे झाले. पीक होतं-नव्हतं ते वेचायला घरोघरच्या मुली निघाल्या. सायकलींची कामं बसली होती, म्हणून शबानाची आईही मजुरीनं वेचणीला जायला लागली आणि पोरीला सोबत नेऊ लागली. आठवड्यात दोन दिवस शाळा, चार दिवस वावर. सुकलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. पोरीच्या बोटांची पेरं कातरून निघाली होती. पेटीच्या पट्टीवर बोट ठेवताना तोंड वाकडं व्हायचं तिचं. सरांनी तिला पेटीवरून उठवलं. मला वाटलं, संपलं. पण नाही. ते तिला रोज एक घडी घातलेला कागद द्यायला लागले. नवे स्वर, कधीही न वाजवलेले. कापूस वेचायच्या ओटीत ती कागद ठेवायची, जेवायच्या सुट्टीत धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून टाळी देत वाचायची आणि शाळेत आली की तोंडानं म्हणून दाखवायची.

मी एकदा चिडून तिला विचारलं, “काहून गं, पाढे नाही नेत वावरात?”

“पाढे बोलत नाईत न बाई,” ती म्हणाली. “हे कागद बोलते.”

हसू दाबत मी निघून आले.

त्या संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन सरांकडे गेले. कुंपणापलीकडे इतक्या वर्षांत दारापर्यंतच गेलेली. आत पहिल्यांदाच पाऊल टाकलं. खोली लख्ख आणि रिकामी. भिंतीला लागून पेटी, तिच्यावर जुन्या पातळाची खोळ. निळं पातळ, पांढरे ठिपके. खोळीवर धूळ नव्हती, पण ती कधी काढली जात असेल असंही वाटेना. पेटीवर एक शंभरपानी वही. मी आपली उचलून चाळली. एकाच पानावर लाल पेन्सिलीनं सरगम लिहिली होती, बाकी वही कोरी.

“पाळणा आहे,” सर म्हणाले. “आपल्याकडे बारशाला म्हणतात तो. ही म्हणायची तसा लिहून ठेवलाय.”

ही म्हणजे त्यांची बायको. नऊ वर्षांत तिचा उल्लेख मी पहिल्यांदा ऐकला. तिचं नाव तेव्हाही घेतलं नाही त्यांनी.

“मग वाजवता का कधी?”

“माझ्या हातून होत नाही.” ते तिळगुळाची वाटी फिरवत बसले. मग म्हणाले, “मी गाऊन दाखवला, वाजवून दाखवला, की पोरं माझं ऐकून वाजवतात. मला ते नको. मी तोंड न उघडता, कुणीतरी नुसत्या कागदावरून वाजवावा. मग मला एकदा तिचं ऐकायला मिळेल. त्यासाठी चाललंय सगळं, बाई. साहेबांना वाटतं मी प्रार्थना बसवून राहिलो.”

आमच्या घरातून सासूबाईंचा आवाज आला, रेडिओ लागला. त्या खोलीत ते सगळं फार लांबून आल्यासारखं वाटलं. मी वाटी घेऊन उठले आणि घरी येऊन कारण नसताना मुलांवर खेकसले.

मार्चमध्ये कागद आला. पटसंख्या घटली, एक तुकडी बंद, संगीताचं पद अतिरिक्त. दाणी सरांना वणीकडच्या एका शाळेत पाठवायचं ठरलं, तिथं संगीत नव्हतंच, हस्ताक्षर आणि कार्यानुभव शिकवायचा होता. मुख्याध्यापक खाली मान घालून हे सांगत होते. मी भांडायला उठले, आणि सवयीनं दाराकडे बघितलं, तर आवर्तन मोजायला सांगणारा माणूस खुर्चीतच बसलेला. त्यांनी एवढंच विचारलं, “एप्रिलपर्यंत आहे नं मी इथं?”

मग त्यांनी दुपारच्या सुट्टीचा डबा सोडला. रोज तो पाऊण तास शबानाला घेऊन बसायचे. वेचणी संपली होती, पेरं भरून आली होती. रोज नवा कागद, कधी उलटसुलट स्वरांचा, कधी निरर्थक, ज्याला चालच नाही असा. आठवण्यासारखं काही उरूच नये म्हणून. मी भिंतीपलीकडून ऐकायचे. भाता ओढल्याचा आवाज, एक स्वर, थांबणं, दुसरा स्वर. “कागदाला विचार.” पुन्हा स्वर. एप्रिल उजाडला तरी वहीचं ते पान त्यांनी तिच्यापुढे ठेवलं नव्हतं. मला राहवेना. कुंपणावरून विचारलं, “कधी देणार आहात? गेल्यावर का?” म्हणाले, “नाही झालं तर, बाई? एकदाच होणार आहे ते. पोरीनं दोनदा ऐकलं की संपलं.” भीत होते हो! एवढा उंच माणूस, सातवीतल्या पोरीसमोर वही उघडायला भीत होता.

शेवटी परीक्षेचा शेवटचा दिवस आला. दुपारी शाळा रिकामी, पत्रे तापून कडकडतायत. मी मागच्या बाकावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधत होते. सरांनी शबानाला बोलावलं, पेटीवर वही उघडून ठेवली आणि एक शब्द न बोलता खिडकीशी जाऊन पाठ करून उभे राहिले. समोर जिनिंगची बंद भिंत.

पोरीनं आधी पानावरून डोळे फिरवले. ओठ हलवून मात्रा मोजल्या. मग भाता ओढला.

पहिल्या ओळीतच मी ओळखलं. कोण नाही ओळखणार? माझ्या दोन्ही मुलांच्या बारशाला म्हटलेला तो पाळणा. इतका नीट, इतका सरळ वाजत होता, की मी हातातली सुतळी तशीच धरून बसले. पहिली ओळ झाली. दुसरी सुरू झाली, आणि ओळीच्या मध्यावर, जिथं ग लागतो, तिथं शबानाची मान खाली वाकली आणि बोट काळ्या पट्टीवर पडलं. ग उतरला. अगदी रुसल्यासारखा.

“अगं, चुकलं!” मी ओरडले. जन्माची खोड! तोंडातून निघून गेलं.

शबानानं भाता सोडला नाही. माझ्याकडे वळून बघितलं, जराशी वैतागून.

“मले मालूम हाये बाई तो पाळणा. गल्लीतल्या साऱ्या बारशाईले मी घुगऱ्या खाल्ल्या. तिथं असा नाई म्हणत. पन इथं खाली रेघ हाये.” आणि मग अगदी सरांच्या सुरात, “कागदाले इचारा न.”

सर वळले नव्हते. त्यांचे खांदे तेवढे हलत होते. मी सुतळी टाकून उठले, तर खिडकीकडे तोंड ठेवूनच ते म्हणाले, “तिथं तिचा असाच लागायचा. दर वेळी. काम करता करता गायची, आणि तिथं आली की मी बाहेरून ओरडायचो, चुकलं. ती हसायची, पुन्हा तसाच लावायची. मी सोडलं नाही, बाई. मास्तर ना मी! मग ती गायची बंद झाली. कधी झाली तेही मला कळलं नाही. गेल्यावर घर शांत झालं असं वाटलं, आणि मग लक्षात आलं की ते तर कितीतरी वर्षांपासून शांत होतं.” मग म्हणाले, “माझं बोट तिथं आलं की आपोआप नेहमीच्या, शुद्ध ग वर जातं. तिला आताही सुधारतंच.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नऊ वर्षं ज्या माणसानं तो शब्द तोंडातून काढला नाही, त्याच्या त्या एका क्षणी तो मी उच्चारला होता.

शबानाला यातलं किती कळलं कोण जाणे. तिनं विचारलं, “पुढचं वाजवू का सर?”

“वाजव,” ते म्हणाले. “शेवटपर्यंत.”

तिनं वाजवला. तो ग पुन्हा दोनदा आला आणि दोन्ही वेळा तिची मान वाकली. मी तोंडावर हात दाबून बसले होते. संपल्यावर सरांनी पुन्हा वाजवायला सांगितलं नाही. वही मिटली आणि तिच्या हातात दिली.

मी अजून बारशांना जाते. बायका पाळणा म्हणायला लागल्या की दुसऱ्या ओळीपाशी माझा जीव अडकतो. सगळ्या तिथं बरोबरच म्हणतात.

सर गेले त्या सकाळी मी स्टँडवर गेले होते. कुणी दुसरं नव्हतं. शाळेला सुट्टी लागलेली, मुलं पांगलेली. शबानाचं दुकानही अजून उघडायचं होतं. निरोपाचं काही बोलणं झालं नाही. मी डबा दिला, त्यांनी तो घेतला. “बाई, कुकरचं रबर,” एवढं म्हणाले. कंडक्टरनं पेटी मागं ठेवायला सांगितली, ते कबूल झाले नाहीत. निळ्या पातळाच्या खोळीतली ती पेटी मांडीवर घेऊन खिडकीशी बसले.

गाडी सुरू झाली. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण गाडी वळण घेताना मला दिसलं, दाणी सरांचे ओठ हलत होते आणि बोटं खिडकीच्या गजावर मात्रा देत होती. घरात कधी न गुणगुणलेला माणूस गात होता. मीही उभ्या उभ्या मोजायला लागले. पहिली ओळ संपली. दुसरी निम्मी झाली, आणि त्यांची मान खाली वाकली.